नावावरून विचार पारखू नये

हिटलरच्या पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द होता. पण १९३३ मध्ये सत्ता हाती येताच त्याने प्रथम कम्युनिस्टांनाच छळछावणीत डांबले. वर्गाच्या जागी त्याने वंश आणला. तरीही ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने त्याच्याशी करार केला. येथील कम्युनिस्टांनी युद्धाला ‘साम्राज्यवादी’ ठरविले. २ ऑक्टोबरला मुंबईत सुमारे ९०,००० कामगारांनी संप केला. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि वर्षअखेरीस तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये यवतमाळशेजारच्या जिल्ह्यात चिमूर पेटले, तेव्हा हा पक्ष ‘चले जाव’पासून दूर होता.

दोन्ही विचार एक नव्हेत. एकपक्षीय सत्ता आणि छावण्या मात्र दोहोंकडे होत्या. विरोधकाला जागा किती, हीच विचाराची खरी कसोटी.