सभेतलं युद्ध

निवडणुकीच्या सभांना जायची मला जुनी हौस आहे. वक्ता बोलता बोलता सीमेवर पोहोचला की मी घड्याळ बघतो. तिथून तो आपल्या गावात कधी परततो, हे मला पाहायचं असतं. पुष्कळदा तो परततच नाही.

ही काही एका पक्षाची मक्तेदारी नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये आपण बांगलादेशचं युद्ध जिंकलं आणि मार्च १९७२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आली. विजयाच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. विजय खराच होता. पण त्या वेळी विहिरी आटत चालल्या होत्या आणि दुष्काळ दारात उभा होता.

आता २०१९ पाहा. राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झालेले. आपल्या निफाडच्या एका शेतकऱ्याला २०१८ च्या अखेरीस साडेसात क्विंटल कांद्याचे १०६४ रुपये मिळाले. ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले. पुढे फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट घडलं. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी नवमतदारांना विचारलं, की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का? यात आचारसंहितेचा भंग नाही, असं निवडणूक आयोगाने ठरवलं. असेल. पण अशा प्रश्नानंतर कांद्याचा भाव विचारायला कोण उठणार? विचारणाराच कोता ठरतो.

आणि नाशिकला सैन्य कोणी शिकवायला नको. देवळालीत तोफखाना आहे, ओझरला लढाऊ विमानं तयार होतात. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं ४ ऑक्टोबरला. लोकसभेचा निकाल मे महिन्यातच लागला होता. बालाकोट मी सभांमधून कितीदा ऐकलं याची गणती नाही. बडगाम एकदाही ऐकलं नाही. म्हणजे कांदा तर राहिलाच, पण ज्या युद्धाच्या नावाने टाळ्या घेतल्या, त्याचाही पुरता हिशेब लोकांपुढे मांडला गेला नाही.

युद्धाच्या काळात घरचं बोलता येत नाही असं थोडंच आहे? १९६५ साली शास्त्रीजींनी जवानाच्या शेजारी किसानाला बसवलं, तेही नुसतं घोषणेत नव्हे. शेतमालाच्या किमतींसाठी आयोग आणि अन्न महामंडळ, दोन्ही त्याच वर्षीची. लोकांना त्यांनी एक वेळ उपास करायला सांगितलं. धान्य कमी आहे हे लपवलं नाही.

डिसेंबर २०२३ पासून सुमारे पाच महिने कांद्याची निर्यात बंद होती. ती उठली, त्यानंतर १५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण सुरू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, ‘कांद्यावर बोला!’ लगेच घोषणांचा गजर झाला, ‘भारतमाता की जय’ झालं. पण पुढे कांदा खरेदीचे आणि साठ्याचे आकडेही भाषणात आले.