उशाशी जळणारा दिवा

वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणलेलं शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ 1606च्या सुमाराचं. सरदार मॅकबेथ गादीसाठी राजा डंकनचा खून करतो, त्या रात्री तो थरथरतो. बायको मात्र खंबीर. हातांवरचं रक्त जरा पाण्याने निघून जाईल, असं ती त्याला समजावते.

पाचव्या अंकात तीच बाई, आता राणी झालेली, झोपेत चालत येते. हातात दिवा. अंधार तिला सोसवत नाही, म्हणून उशाशी कायम दिवा लागतो. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. ती हात चोळत राहते. दासी वैद्याला सांगते, कधी कधी पाव तास हेच चालतं. एरवी पद्यात बोलणारी ही राणी इथे तुटक गद्यात बोलते. मला हा प्रवेश मॅकबेथने मारवलेल्या बँकोच्या भुताहून भेदक वाटतो, कारण इथे आरोप करणारं समोर कुणीच नाही.

मॅकबेथचं उलट होतं. भर मेजवानीत भुताला घाबरलेला हा माणूस खुनामागून खून करत निबर होत जातो. राणी गेल्याची बातमी येते, तेव्हा जगण्यालाच अर्थ नाही, एवढंच त्याला सुचतं.