निसर्गाची हिशेबवही

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



 शाळेत निसर्ग मंडळ कसे सुरू करावे, हा विषय मी निवडला आहे. परीक्षांचे ओझे का थोडे आहे, की त्यात हे नवे खूळ, असे काही पालकांच्या मनात येईल. त्यांच्यासाठीच हे बोलणे आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन्ही काठांवर लोटतात. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते. त्या दिवशी सर्वांच्या नजरा नदीकडे असतात. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत त्या नदीत पाणी किती महिने वाहते, कोणत्या महिन्यात ते थांबते, काठावर कोणते पक्षी येतात, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? सौंसरकडील मंडळींना कन्हानविषयी हाच प्रश्न विचारता येईल. मुलांना गंगा-यमुनेची उगमस्थाने पाठ असतात; दारची नदी मात्र त्यांच्या पुस्तकात नाही.

तरी आपली मुले काहीच जाणत नाहीत असे समजू नका. बागाईतदाराच्या घरचे पोर संत्र्याचा बहार ओळखते. आंबिया बहार धरावयाचा तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो; मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. मृगाचा बहार पावसाबरोबर जून-जुलैत फुलतो. आंबियाची फळे सारा उन्हाळा झाडावर पोसावी लागतात, म्हणून ऐन मे महिन्यात विहिरीला पाणी हवे. यात वनस्पतिशास्त्र आहे, भूगोल आहे आणि घरचे अर्थशास्त्रही आहे. परंतु हे ज्ञान दप्तरात शिरत नाही, कारण त्याची नोंद कोणी मागत नाही. निसर्ग मंडळाने ती मागावयाची आहे.

ही कल्पना नवी नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली; तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पुढे एक लहान मुलगा आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिची जात विचारावयास त्या संस्थेत गेला. चिटणीस मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. तो मुलगा म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. मुलाच्या प्रश्नाला वडीलधाऱ्याने मान दिला, की त्यातून काय उभे राहते, ते यावरून दिसते.

आपल्या शेजारी वर्ध्यास १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरविली आणि हाताच्या कामातून शिक्षणाची योजना आखण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व शाळांत देण्याचा आदेश दिला आणि २००१ पासून ‘राष्ट्रीय हरित कोर’ या केंद्र शासनाच्या योजनेखाली शाळाशाळांत इको क्लब निघाले. म्हणजे वाट मोकळी आहे. मग अडते कोठे? पाच जूनला रोपे लागतात, छायाचित्र निघते आणि मंडळ पुढच्या पाच जूनपर्यंत झोपी जाते. हौशी शिक्षकाची बदली झाली, की तेही संपते.

यावर माझ्या मते उपाय एकच. मंडळ उत्सवावर न उभारता वहीवर उभारावे. वीस-पंचवीस मुले, दोन मोठी माणसे, महिन्यातून एका रविवारी सकाळचे दोन-तीन तास. आणि दर वेळी त्याच जागी जाऊन तीच नोंद.

पहिली नोंद पावसाची. सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी उघड्यावर ठेवावी आणि रोज ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर धरले, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर २,५०० लिटर पाणी पडते. हे गणित मुले एकदा स्वतः करतील, तर विसरणार नाहीत.

दुसरी नोंद विहिरीची. दर फुटाला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन, एवढेच साहित्य. सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी काठावरून पाणी किती खोल आहे ते मोठ्या माणसाने मोजावे आणि मुलांनी लिहावे. आपल्या भागात काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी मुरते. त्याचा साठा अमर्याद नाही. शेजारच्या वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या बागांसाठी इतका उपसा झाला, की तो भाग अतिउपशाचा म्हणून सरकारदफ्तरी नोंदला गेला. ती पाळी आपल्यावर येते आहे काय, हे अंदाजाने सांगून भागणार नाही. मोजूनच सांगावे लागेल. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विहिरीच्या पाण्याला ती अधिकच लागू आहे.

तिसरी नोंद झाडापाखरांची. प्रत्येक मुलाने एक झाड निवडून त्याची पालवी, फूल, फळ आणि पानगळ तारखेनिशी लिहावी. नावे घरच्या बोलीत आणि शाळेच्या बोलीत शेजारी-शेजारी यावीत: पळस आणि टेसू, मोह आणि महुआ, भारद्वाज आणि महोख. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांनी तिसरा रकाना भरावा. ज्याला वर्गात हिंदी अडते, तो येथे इतरांचा गुरू होईल.

नियम थोडे पण कडक असावेत. पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणास नेऊ नये. पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये, घरटी व मोहोळे यांना हात लावू नये. पाण्याची बाटली व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. परत येताना आपला कचरा आपण आणावा.

या पावसाळ्यात आमच्या शाळेत असे मंडळ सुरू करण्याचा माझा मानस आहे. ट्रस्टकडे मी मोठी देणगी मागत नाही. तीन गोष्टी मागतो. पहिली, आपल्या मुलांबरोबर मुलींनाही पाठवा. घरचे पाणी बहुधा त्याच भरतात, तेव्हा विहिरीचा हिशेब त्यांच्या हाती असावा हे न्यायाचेच आहे. दुसरी, ज्यांच्या बागा आहेत त्यांनी महिन्यातून एक सकाळ आपली विहीर मोजू द्यावी. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे: या वह्यांसाठी ट्रस्टच्या कपाटात एक खण द्यावा.

शिक्षक बदलून जातो, मुले दहावी होऊन बाहेर पडतात, संस्था राहते. हा ट्रस्ट इतकी वर्षे टिकला तो केवळ देणग्यांवर नव्हे. पै-पैची नोंद ठेवणारी आणि ती पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपविणारी माणसे येथे होती, म्हणून टिकला. पैशाच्या हिशेबाला आपण जी निष्ठा दाखविली, तीच पाण्याच्या हिशेबाला दाखवावी, एवढेच माझे मागणे आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या सरकार बांधील. पण आपल्या गावच्या विहिरींची पंचवीस वर्षांची सलग नोंद पुढच्या महोत्सवात कोणी मागितली, तर ती या कपाटातून निघावी. पहिली वही मी आणून देतो. तिला जागा आपण द्यावी.