प्राण्यांच्या झाडाची पहिली फांदी



आपल्या वेळी प्राण्यांचं वर्गीकरण स्पंजापासून सुरू व्हायचं. स्पंज साधा, त्याला ना स्नायू, ना मज्जातंतू. आता त्या पहिल्या जागेवर कॉम्ब जेलीचा दावा आहे. समुद्रातला हा पारदर्शक जीव जेलीफिशहून वेगळा. बारीक केसांच्या कंगव्यांच्या आठ रांगा हलवत तो पोहतो. प्राण्यांच्या वंशवृक्षातून त्याचीच शाखा आधी फुटली, या २००८ सालच्या मताला २०२३ मध्ये गुणसूत्रांच्या तुलनेनं बळ मिळालं. पण त्याला तर मज्जातंतू आहेत! मग ते दोनदा निर्माण झाले, की स्पंजानं गमावले? वाद चालू आहे. तोवर साधा तो आधीचा, असं धरून चालता येणार नाही. आपल्यातल्या शिक्षकांना एवढीच विनंती: फळ्यावर प्राण्यांची शिडी काढू नका, झाड काढा.