स्टेपनी गेली, आता चाक बघा

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हटली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ दुसरा, ‘ईएमआय किती बसेल?’ शोरूममध्ये खाली वाकून चाक बघणारा माणूस मला तरी अजून भेटला नाही. मी वाकतो. सेल्समनला वाटतं, ह्याचं काहीतरी पडलंय.

आज चाकावरच बोलू. कारण आपला रस्ता बारामती ते इंदापूर. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी करत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शंभर. पालखी मार्ग रुंद झालाय, तिथं काही टेन्शन नाही. पण मेन रोड सोडून वस्तीकडं वळलात की उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले खड्डे आणि कडेला वेडी बाभूळ. त्या काट्याला पेट्रोल आणि बॅटरी यातला फरक कळत नाही.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिका. ९०/९०-१२ असं लिहिलेलं असतं. पहिला ९० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा ९० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा १२ म्हणजे रिम किती इंची. नव्या चेतकला, आयक्यूबला, एथरला पुढं-मागं १२ इंची चाकं आहेत. ॲक्टिव्हा ६जीला पुढं १२ आणि मागं १०. रिव्हर इंडी ही स्कूटर तर थेट १४ इंचीवर गेलीय. तिच्यावर माझा जरा जीव आहे, लपवत नाही.

इंचानं काय होतं? एक फूट रुंद आणि चांगला खोल खड्डा धरा. मी वही घेऊन गणित केलं. १० इंची चाक त्यात साधारण ६ सेंटिमीटर उतरतं, १२ इंची साडेपाच, १४ इंची पाचच्या आत आणि स्प्लेंडरचं १८ इंची चारच्या आसपास. तुम्ही म्हणाल, अर्ध्या सेंटिमीटरनं काय होतंय राव? पण चाक जेवढं खोल जातं, तेवढं बाहेर येताना पलीकडच्या काठावर उभं आदळतं. तो दणका आधी रिमला आणि मग तुमच्या कमरेला. रिमची कड वाकली की ट्यूबलेस टायर हळूहळू हवा सोडायला लागतो. मग सगळ्यांनाच मोठी चाकं का नाही देत? कारण चाक वाढलं की सीटखालची आणि पायाखालची जागा खातं, आणि त्याच जागेत बॅटरी बसवायची असते.

जागेवरून आठवलं. जुनी चेतक, म्हणजे आपल्या आजोबांची, हिला १० इंचीच चाकं होती, पण सोबत स्टेपनी असायची आणि ती पुढं-मागं कुठंही बसायची. ही डोक्यालिटी मूळची व्हेस्पाची. १९४६ मध्ये कोरादिनो दास्कानियो नावाच्या विमानं बनवणाऱ्या इंजिनियरनं पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे पंक्चर झालं की पटकन काढता येईल. त्याला मोटरसायकल आवडायची नाही, त्याचं हेही एक कारण होतं. आणि त्याच पियाजिओ कंपनीचा कारखाना आज आपल्या बारामती एमआयडीसीत आहे! ॲपे तिथंच बनते, आणि २०१२ पासून व्हेस्पाही.

इलेक्ट्रिक गाड्यांनी स्टेपनी आणली नाही. मग पंक्चर झालं तर?

माझ्या आतेबहिणीचं सांगतो. तिच्याकडं ती लायसन्स न लागणारी, ताशी २५ वाली गाडी. निमगाव केतकीहून इंदापूरला कॉलेजला जाते. एका सकाळी मागच्या चाकात काटा. टायर ट्यूबवाला आणि मोटर चाकाच्या आतच, म्हणजे हब मोटर. ट्यूब काढायची तर चाक काढावं लागणार, आणि चाकातून वायर बाहेर आलेली. पंक्चरवाले काका म्हणाले, “पोरी, हे वायरचं चाक. खोललं अन् काय तुटलं, तर माझ्या अंगावर येईल.” त्यांचं काय चुकलं? गाडी ॲपेत घालून घरी आणली. प्रॅक्टिकल मात्र बुडालं.

म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्या भागात ट्यूबलेस नसेल तर ती गाडी घेऊच नका. ट्यूबलेसला चाक न काढता बाहेरून पट्टी मारता येते. काटा दिसला तर लगेच उपटू नका, तो आत आहे तोवर हवा सावकाश जाते. हब मोटरची गाडी घेताना एवढं विचारा, ‘मागचं चाक काढायची वेळ आली तर कोण काढणार आणि कुठं?’

आणि हवा! टायर मऊ पडला की जास्त दबतो, दबला की बॅटरी जास्त खातो. इंदापूरहून परतताना भवानीनगरला रेंज संपत आली की लोक बॅटरीला शिव्या देतात. आधी हवा बघा. गाडीवर स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो. गार टायरला, निघायच्या आधी भरा.

ॲपेवाल्यांचं दुःख वेगळंच. टू-व्हीलर खड्डा चुकवते, कार खड्डा मधे घेते. तीन चाकांना तीन रेषा, एक तरी खड्ड्यात जाणारच. २०२५ मध्ये आलेल्या ॲपे ई-सिटी अल्ट्राची बॅटरी १०.२ किलोवॅट-अवरची आहे आणि कंपनी रेंज सांगते २३६ किलोमीटर. भारी आहे. पण रिक्षा स्टँडवर उभं राहून ऐका, गप्पा टायर किती महिने टिकला याच्याच चालतात.

मी वाट बघतोय ती इलेक्ट्रिक व्हेस्पाची. २०२० च्या ऑटो एक्स्पोत व्हेस्पा इलेट्रिका दाखवली होती, पुढं १२ आणि मागं ११ इंची चाकं. ती काही इथं विक्रीला आली नाही. उद्या बारामतीतून एखादी निघालीच, तर पहिल्या दिवशी मेजर टेप घेऊन शोरूमला जाणार.

तोवर तुमच्या गाडीच्या टायरवर काय आकडा आहे आणि मागचं टायर किती किलोमीटरला बदललं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. इंदापूरवाल्यांनी काट्यांचे किस्से पण पाठवा. चला, भेटू.