फोन रखडतो तेव्हा

(तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या कार्यकर्त्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



कालपासून आपण पोटगी, रेशन, मानधन, कौटुंबिक हिंसा अशा विषयांवर बोलतो आहोत. त्यात आज मला मोबाइलवर बोलायला उभे केले आहे. फोन हळू चालतो हा काय शिबिराचा विषय झाला का, असे काहींच्या मनात आले असेल. पण मी आठवड्यातून एक दिवस आपल्या केंद्रात बसते. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यामुळे बायका आपापले फोन माझ्यापुढे ठेवतात. तेव्हा ऐकू येणारे पहिले वाक्य 'फोन खराब झाला' असे नसते. ते असते, 'ताई, मला काही जमत नाही हो.' फोन अडकतो आणि बाई ओशाळते. हा विषय इथूनच सुरू होतो.

बाईच्या हातात येणारा फोन कुठून येतो ते आधी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरत असलेला मोबाइल आपल्याजवळ आहे असे देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनीच सांगितले. हे आकडे साध्या फोनसकटचे आहेत. आणि आपल्या घरांत काय चालते ते सर्वांना माहीत आहे. नवा फोन नवऱ्याला, त्याचा जुना मुलाला, मुलाने टाकलेला आईला. काच तडकलेली, बॅटरी उतरलेली, मेमरी भरलेली. ताटातले उरलेले तसा हा फोनही तिच्या वाट्याला येतो.

कामासाठी मिळालेल्या फोनची कथा वेगळी नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, ते आठवत असेल. ते फोन दोन जीबी रॅमचे होते, गरम होत, बंद पडत, आणि त्यांवर पोषण ट्रॅकर चालवायचा होता. त्या बायका 'आम्हाला जमत नाही' असे म्हणाल्या नाहीत, 'हे यंत्र या कामाला पुरत नाही' असे म्हणाल्या. या दोन वाक्यांतला फरक आज समजून घ्यायचा आहे.

फोनमध्ये मेमरी दोन प्रकारची असते. दुकानदार दोन आकडे सांगतो, 'चार-चौसष्ट' किंवा 'दोन-सोळा'. पहिला आकडा रॅमचा, दुसरा साठवणीचा. स्वयंपाकघराचे उदाहरण देते म्हणून रागावू नका, पण ते आपल्याला पटकन समजते. साठवण म्हणजे फडताळ. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप्स सगळे तिथे राहते, फोन बंद केला तरी राहते. रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे काम चालले आहे त्यापुरतेच सामान ओट्यावर येते, आणि फोन बंद केला की ओटा रिकामा होतो.

ओटा लहान असेल आणि तुम्ही एकामागून एक अ‍ॅप उघडत गेलात, तर फोन काय करतो? आधी तो मागचे सामान घडी घालून दाबून ठेवतो. या घड्या घालण्या-उलगडण्यातच त्याची शक्ती जाते, म्हणून तो गरम होतो आणि रेंगाळतो. तरीही जागा पुरली नाही तर मागे राहिलेले एखादे अ‍ॅप तो तुम्हाला न विचारता बंद करतो. आता लक्षात घ्या. तुम्ही लाभार्थीची माहिती भरताय. मध्येच फोटो काढायला कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याला ओट्यावर भरपूर जागा लागते. ती करण्यासाठी फोनने मागचे अ‍ॅपच बंद केले. परत येता तो फॉर्म कोरा. यात तुमच्या बोटांचा काहीही दोष नाही.

मग करायचे काय? क्रमाने सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिले, फोन आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. ज्या दिवशी मोठे काम आहे त्या दिवशी सकाळी कराच. ओटा धुतला जातो.

दुसरे, फडताळ पाहा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. साठवण काठोकाठ भरली की नवे काही लिहायला फोनला मोकळी जागा शोधत बसावे लागते, आणि सगळेच मंदावते. निदान दहावा हिस्सा मोकळा ठेवा. बहुतेकींच्या फोनमध्ये जागा खाल्लेली असते ती व्हॉट्सअ‍ॅपने. 'शुभ सकाळ'ची फुले, देवांचे व्हिडिओ, एकच भाषण सात ग्रुपवरून सात वेळा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा. मोठ्या फायली आणि पुष्कळदा पुढे ढकललेले संदेश वेगळे दिसतील. तिथून निवडून काढा. तिथेच फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. जे पाहायचे त्यावर बोट ठेवले की ते उतरेल.

तिसरे, अ‍ॅप्स. वापरात नसलेली काढून टाका. कंपनीने आधीच भरून दिलेली काही अ‍ॅप्स काढता येत नाहीत, ती 'डिसेबल' करा. फेसबुकसारख्या जड अ‍ॅपऐवजी त्याची लाइट आवृत्ती घ्या, किंवा क्रोममधून उघडा.

चौथे, आणि हे नीट ऐका. प्रत्येक अ‍ॅपच्या माहितीत दोन बटणे असतात. एक 'क्लिअर कॅशे', दुसरे 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज'. कॅशे म्हणजे अ‍ॅपने सोयीसाठी हाताशी ठेवलेल्या नकला. त्या गेल्या तर पुन्हा तयार होतात. डेटा म्हणजे तुमचे काम. रेंज नसताना भरलेले आणि अजून वर न गेलेले फॉर्म त्यातच असतात. दुसरे बटण दाबले की दिवसभराची पायपीट पुसली जाते. 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका' असे कोणी वरून सांगितले तरी आधी पाहा, सगळे वर गेले आहे का. तसाच फोन पूर्ण कोरा करण्याचा उपाय, म्हणजे फॅक्टरी रीसेट. तो अगदी शेवटचा.

पाचवे, फोटो लागणारे काम असेल तेव्हा बाकीची अ‍ॅप्स आधी बंद करा. शक्य असेल तिथे फोटो आधी काढून ठेवा आणि मग फॉर्म उघडा. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखण्याची पद्धत आली. त्यामुळे लहान ओट्यावरचा भार आणखी वाढला आहे.

काय करू नये तेही सांगते. 'फोन साफ करा, वेग वाढवा' असे म्हणणारी अ‍ॅप्स घेऊ नका. ती स्वतः ओट्यावर जागा अडवतात, जाहिराती दाखवतात आणि नको त्या परवानग्या मागतात. दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप्स वर ढकलून बंद करण्याची सवयही सोडा. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा फडताळातून काढावे लागते, त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. नव्या फोनवर 'जादा रॅम' म्हणून एक सोय दाखवतात. ती म्हणजे फडताळाचा एक कप्पा ओट्यासारखा वापरणे. फडताळ ओट्यापेक्षा कितीतरी मंद असते, तेव्हा खऱ्या रॅमची सर त्याला येत नाही.

आता साफसफाईच्या उत्साहात हात आवरायला लावणारी गोष्ट. केंद्रात येणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये नुसती फुले नसतात. धमकीचे संदेश असतात, शिव्यांचे ऑडिओ असतात, मारहाणीनंतर शेजारणीने काढलेले फोटो असतात. 'जागा होत नाही' म्हणून तेच पुसून टाकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मूळ फोनच हजर करता आला तर बाजू बळकट होते. म्हणून साफ करण्याआधी विचारा, यात काही जपायचे आहे का? असेल तर त्याची प्रत विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवा, मूळ फाइल कापू-छाटू नका, तारीख-वेळ वहीत लिहा, आणि फोन बदलला तरी जुना मोडीत देऊ नका.

प्रत ठेवताना एक पाहा. फोनमधले गूगल खाते कोणाचे आहे? पुष्कळ घरांत ते नवऱ्याने किंवा दिराने उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्यांच्याकडे असतो. अशा खात्यात ठेवलेली प्रत म्हणजे चोराच्या हाती किल्ली.

काही जणी विचारतात, 'फोन हळू झाला म्हणजे त्याने काही गुप्त अ‍ॅप टाकले असेल का?' बहुतेक वेळा कारण भरलेली मेमरी हेच असते. पण तुम्ही कुठे गेलात, कोणाशी काय बोललात हे त्याला न सांगता कळत असेल, तर शंका बाजूला सारू नका. आणि तसे काही सापडले तरी घाईने काढू नका. काढल्याचे त्याला कळते आणि राग तुमच्यावर निघतो. आधी दुसऱ्या फोनवरून केंद्राशी बोला, सुरक्षित कुठे राहायचे ते ठरवा, मग हात लावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. जिवावर बेतले तर ११२.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी सांगितलेले सगळे केलेत तरी दोन जीबीचा फोन चार जीबीचा होणार नाही. अ‍ॅपची प्रत्येक नवी आवृत्ती जास्त जागा मागते. हलकी अ‍ॅप्स लहान फोनसाठी निघतात आणि कंपन्यांना वाटले की बंदही होतात. यूट्यूब गो २०२२ मध्ये बंद झाले, मेसेंजर लाइट २०२३ मध्ये. म्हणजे ओटा तेवढाच, पंगत मात्र वाढत चाललेली. तिथे बाईने आणखी आवरून घ्यावे, आणखी झटपट हात चालवावा, हा सल्ला आपल्याला फार ओळखीचा आहे. घरात तो रोज मिळतो. तो संघटनेने देऊ नये.

आपण काय मागायचे? काम फोनवर हवे असेल तर त्या कामाला पुरेल असा फोन आणि डेटाचा पूर्ण खर्च मालकाने, म्हणजे शासनाने, द्यावा. स्वतःच्या किंवा मुलाच्या फोनवर काम करण्याची सक्ती नको. अ‍ॅप मराठीत असावे, रेंज नसताना माहिती जपणारे असावे, आणि सर्वांत साध्या फोनवर तपासून मगच लागू करावे. अ‍ॅप चालले नाही तर रजिस्टरमधली नोंद ग्राह्य धरावी. तांत्रिक बिघाडापायी कोणाचे मानधन कापू नये आणि कोणा गरोदर बाईचा आहार अडू नये.

या मागण्या तोंडी राहिल्या तर साहेब म्हणतील, 'तुम्हाला वापरता येत नाही.' म्हणून आजपासून प्रत्येकीने वहीत एक पान आखायचे. तारीख आणि वेळ. फोनचे मॉडेल, रॅम, साठवण. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' मध्ये हे मिळते. अ‍ॅपची आवृत्ती. काय करताना अडकले, किती नोंदी गेल्या, पुन्हा भरायला किती वेळ लागला, आणि त्यापायी कोण रिकाम्या हाताने परत गेली. एकीचे पान म्हणजे तक्रार. शंभर जणींची पाने म्हणजे पुरावा. पुढच्या बैठकीला ती पाने घेऊन या. गटागटाने बसून आपण ती एकत्र लावू, आणि निवेदनाला जोडून प्रकल्प कार्यालयात देऊ.

आता जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास आहे. ज्यांचे फोन अडकतात त्यांनी इथे पुढे या. आपण मिळून पाहू. आणि 'मला जमत नाही' हे वाक्य कोणी म्हणायचे नाही.