गंधाचा पहारेकरी

श्रोतेहो, स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की घरातील झोपाळू माणूसही ताडकन उठतो. परंतु ज्या वासाने आपण एवढे सावध होतो, तो वास मुळात त्या वायूचा नव्हेच.

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपाने भरलेले असते. या वायूंना रंग नाही आणि जाणवण्याजोगा गंधही नाही. एथिल मरकॅप्टन नावाचे एक उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य त्यांत अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. असा गंध मिसळण्याचा आग्रह जगाने मोठी किंमत मोजून धरला. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात, न्यू लंडन या गावी, शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नव्हता. म्हणून तो कोणालाच कळला नाही. एका ठिणगीने शाळा कोसळली आणि सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर गंध मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. तो दुर्गंध म्हणजे माणसाने आपल्या दाराशी नेमलेला पहारेकरी होय.

आपल्या देशात हे इंधन १९५५ साली प्रथम मुंबईच्या घरांत आले. चुलीचा धूर, फुंकणी आणि रॉकेलच्या स्टोव्हची भरभर ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या निळ्या ज्योतीचे मोल सांगावयास नको. परंतु जी वस्तू सुख देते तिचा स्वभावही ओळखून असावा. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, ओट्याखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोन इतके झाले तरी एक ठिणगी पुरेशी होते. म्हणून वास येताच विजेच्या बटणास हात लावू नये. दिवा लावू नये व विझवूही नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवावे.

दिल्लीजवळच्या गुरुग्रामसारख्या शहरात एका घरी सिलिंडर असतो, तर शेजारच्या घरी नळाने येणारा नैसर्गिक वायू असतो. हा दुसरा वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेहून हलका आहे. तो छताकडे जातो. म्हणजे सिलिंडरच्या घराला खाली झरोका हवा, आणि नळाच्या घराला वर. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून तेथे जाऊन राहिलेल्या आपल्या मंडळींनी घर घेताना हा साधा भेद ध्यानात ठेवावा.

परंतु मला आज विशेष सांगावयाचे आहे ते निराळेच. आपल्याकडे हिवाळ्यातही खिडकी उघडी राहते. गुरुग्रामच्या जानेवारीत मात्र घरातील प्रत्येक फट बंद केली जाते, आणि त्याच दिवसांत न्हाणीघरातील गॅसचा गिझर अधिक वेळ जळतो. आजोबांचा बंब अंगणात किंवा पडवीत धगधगत असे. आपण तो भिंतीवर टांगून दार लावून घेतले! एक भाग प्रोपेन पुरता जळण्यास सुमारे चोवीस भाग हवा लागते. ती हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने त्याला घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. माणसाला वाटते, थंडी बाधली. दाराची कडी काढण्याचे बळ राहत नाही. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीपाशी घडते तेही हेच.

येथे आपला पहारेकरी मुका असतो. गळणाऱ्या वायूत आपण गंध मिसळला. पण मरकॅप्टन ज्योतीत जळून जाते, आणि जळताना उत्पन्न होणाऱ्या या विषाला गंध नाही. त्यावर उपाय एकच, वाहती हवा. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आणि मगच स्नानास बसावे. ज्योत निळी सोडून पिवळी पडू लागली, तर ती हवा कमी पडत असल्याची खूण समजावी आणि शेगडी किंवा गिझर दुरुस्त करून घ्यावा. कोणी आत अधिक वेळ राहिले तर हाक मारावी. उत्तर न आल्यास संकोच न करता दार उघडावे, त्या माणसास मोकळ्या हवेत आणावे व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

थंडीचा कडाका सोसवत नाही हे खरे. तरीही, श्रोतेहो, घरात जेथे ज्योत जळते तेथे एक खिडकी बोटभर तरी उघडी असू द्या. त्या फटीतून येणारा गार वारा थोडा बोचेल. पण जेथे नाकाचा इलाज चालत नाही, तेथे राखण करणारा तोच आहे.